लाँड्री एंडचा पांढरा

जगात जिथे जिथे क्रिकेटचं समालोचन पोहोचतं, तिथे तिथे काकूंच्या लाँड्रीचं नाव पोहोचलेलं आहे. लग्न होईपर्यंत हे खुद्द काकूंनाच माहीत नव्हतं.

नवी सून म्हणून त्या घरात आल्या आणि त्याच आठवड्यात शेजारच्या मैदानावर कसोटी सामना सुरू झाला. इस्त्रीच्या खोलीत रेडिओ लावलेला होता. सासरे, दीर, नवरा, सगळे हातातलं काम टाकून त्याच्याभोवती उभे. रेडिओतला माणूस म्हणाला, "आता लाँड्री एंडकडून गोलंदाजी." काकूंना वाटलं, नव्या सुनेची थट्टा चालली आहे. त्यांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. कुणीच हसत नव्हतं. सासरे तर डोळे मिटून ऐकत होते.

"हे आपल्याबद्दल बोलतायत?" काकूंनी नवऱ्याला हळूच विचारलं.

"आपल्याबद्दल नाही. आपल्या चादरींबद्दल," काका म्हणाले.

काका तेव्हापासून असेच आहेत. विचारलं तेवढंच सांगतात, आणि ते सांगून आणखी कोड्यात टाकतात. बाकीची हकीकत काकूंना सासऱ्यांकडून, म्हणजे आबांकडून कळली. तीही एका बैठकीत नाही. चादरी पिळताना थोडी, घड्या घालताना थोडी.

मैदान आधी मैदान नव्हतं. खड्डा होता. वीटभट्टीवाल्यांनी तिथली माती उकरून उकरून नेली. माती संपली तशी भट्टी उठली, खड्डा मात्र राहिला. पुढे शहरातली जुनी घरं पडू लागली आणि त्यांचा राडारोडा गाड्या भरभरून त्या खड्ड्यात येऊन पडला. ज्या मातीच्या विटा झाल्या होत्या, त्या विटा तुकड्या-तुकड्यांनी माहेरी परत आल्या. खड्डा भरला. वर माती पडली, मातीवर गवत आलं. आणि गवतावर आबा आले, ओल्या चादरी घेऊन.

आबांनी कडेला दोन खोल्यांची लाँड्री टाकली होती. हॉस्पिटलच्या आणि हॉटेलांच्या चादरी ते धुवायचे आणि त्या गवतावर पसरायचे. एवढं मोठं वाळवण कुठल्याच लाँड्रीकडे नव्हतं. मग कुठल्याशा कचेरीतली माणसं सुट्टीच्या दिवशी तिथे क्रिकेट खेळायला येऊ लागली. चेंडू चादरींवर पडू लागले. लाल डाग पडू लागले. आबा एकदा बॅट हिसकावून घेऊन घरी गेले, असं म्हणतात. बॅट परत मागायला संघाचा कप्तान स्वतः आला. भांडायच्या तयारीनेच आला होता, पण जाता जाता एक गोष्ट बोलून गेला. लाँड्रीच्या बाजूने चेंडू टाकला की मागे पांढऱ्या चादरी असतात, त्यामुळे चेंडू स्वच्छ दिसतो. दुसऱ्या बाजूने काहीच दिसत नाही.

आबांनी विचार केला आणि सौदा ठरवला. "गवत तुम्ही घ्या. ऊन मला राहू द्या."

म्हणजे असं. आबा दोऱ्या आपल्या गच्चीवर बांधतील. मैदान खेळणाऱ्यांचं. पण त्या बाजूला उंच काही बांधायचं नाही, आबांचं ऊन अडवायचं नाही. बदल्यात सामन्याच्या दिवशी गच्चीवरच्या मैदानाकडच्या दोऱ्यांवर फक्त पांढरं वाळत पडेल. लिहून कुणी काही घेतलं नाही. एकाने शब्द दिला, दुसऱ्याने ठेवला.

आणि तो शब्द सगळ्यांना पुरून उरला. मैदानाला पॅव्हेलियन झालं. तीन बाजूंनी गॅलऱ्या उभ्या राहिल्या. परदेशी संघ येऊ लागले. चौथी बाजू मात्र तशीच बसकी राहिली. कुंपणाच्या आत चाकांवरचा पांढरा पडदा आला, पण उंच गोलंदाजाचा हात त्याच्याही वर जायचा आणि तिथे आबांच्या चादरी असायच्या. त्या फडफडू नयेत म्हणून आबांनी चादरीच्या खालच्या दुमडीत बांबूची काठी सरकवायची पद्धत काढली. कितीही वारा असो, चादर ताठ. फलंदाज म्हणायचे, लाँड्री एंडला चेंडू कलिंगडाएवढा दिसतो. त्या मैदानावर धावांचे डोंगर उभे राहिले. मैदानाच्या त्या टोकाला लाँड्रीचं नाव कुणी ठरवून दिलं नाही. ते आपोआप चिकटलं आणि पुन्हा सुटलं नाही.

एकदाच नियम मोडला. मुक्कामाला आलेल्या एका आत्याबाईंनी आपली लाल शाल धुऊन त्या दोरीवर टाकली. समोर परदेशी संघाचा सगळ्यात भारी फलंदाज खेळत होता. चेंडू शालीत मिसळला आणि त्याच्या यष्ट्या उडाल्या. तो गच्चीकडे बोट दाखवत, बडबडत परत गेला. आपला संघ जिंकला. अर्ध्या गावाने आत्याबाईंचे आभार मानले. आबा मात्र त्यांच्याशी मुक्काम संपेपर्यंत बोलले नाहीत.

हे सगळं ऐकून काकूंचा ऊर भरून आला होता. आणि एक गोष्ट मनाला खुपतही होती. ती त्यांनी आबा असेपर्यंत बोलून दाखवली नाही.

आबांचं धुणं त्यांना पसंत नव्हतं.

काकूंचा हात स्वच्छतेचा. त्यांना डाग सहन होत नाही, पिवळेपणा त्याहून नाही. आबांची रीत साधी. साबण, पाणी, ऊन. नीळ नाही, पावडर नाही. चादर स्वच्छ निघायची, पण तिचा पांढरा जुन्या भिंतीसारखा. काकूंच्या मते तो पांढरा नव्हताच. तो पांढऱ्याचा थकलेला मामा होता. जगभर नाव झालेल्या लाँड्रीची चादर अशी असावी, याची त्यांना मनातून लाज वाटायची.

आबा गेले तशी काकूंनी लाँड्री हातात घेतली. नीळ आली. उकळती पिंपं आली. कसली कसली पावडर आली. चादरी अशा निघू लागल्या की हॉस्पिटलची मेट्रन घडी उलगडायच्या आधी आपले हात धुऊ लागली. काकांची तक्रार नव्हती. काका इस्त्री करायचे, आणि इस्त्रीला सगळे पांढरे सारखेच.

तक्रार दिराची होती. "आबांचा पांढरा बिघडवलात तुम्ही, वहिनी," तो म्हणाला. काकू म्हणाल्या, बिघडवला नाही, बरा केला. शब्दाने शब्द वाढला. दीर बाहेर पडला आणि गल्लीच्या दुसऱ्या टोकाला त्याने मशीनची लाँड्री उघडली. मशीन नवं, पण साबण आबांचाच. नीळ नाही, पावडर नाही. काकू गिऱ्हाइकांना सांगायच्या, "भावजींकडे चादर टाकली की मळवायचे कष्ट वाचतात." हे वाक्य गल्लीत फिरलं आणि अर्थातच दिराच्या कानावर गेलं. तेव्हापासून वहिनी-भावजींचं बोलणं बंद. दोघे भाऊ मात्र रोज मैदानातल्या माळ्याच्या खोलीत चहा प्यायला भेटायचे. या माळ्याला सगळे रोलरदादा म्हणतात. खेळपट्टीवर रोलर फिरवण्यात त्याचं आयुष्य गेलं. बोलण्यातही तो तसाच, सावकाश आणि जड.

काकूंच्या पांढऱ्याची परीक्षा मात्र कधी झालीच नव्हती. आबा गेले त्याच सुमाराला मोठे सामने शहराबाहेरच्या नव्या मैदानावर गेले. इकडे उरले ते संध्याकाळचे, दिव्यांच्या उजेडातले, रंगीत कपड्यांतले सामने. त्यांना चेंडू पांढरा आणि पडदा काळा. त्या दिवशी काकूंच्या दोऱ्या रिकाम्या. काकूंना ते रिकामपण आवडायचं नाही.

आणि मग यंदा नव्या मैदानात पाणी साचलं. काही केल्या निचरा होईना. इकडे राडारोड्यावर उभं असलेलं जुनं मैदान पाऊस गेला की दुसऱ्या दिवशी कोरडं ठणठणीत. कसोटी सामना पुन्हा घरी आला.

सामन्याच्या आधी सामनाधिकारी आले. परदेशी माणूस, उंच, उन्हाने लाल झालेला. त्यांनी मैदान पाहिलं, खेळपट्टी पाहिली, लाँड्री एंडच्या पडद्यामागे उभं राहून वर चादरी पाहिल्या आणि विचारलं, हे काय आहे. मैदानाचे सेक्रेटरी अशाच प्रश्नाची वाट बघत होते. त्यांना त्या बाजूला उंच भिंत हवी होती, वर जाहिराती लावायला. आबांचा शब्द त्यांना अडचणीचा वाटायचा. त्यांनी भिंतीचा विषय काढला. सामनाधिकारी म्हणाले, घाई नको. आधी सरावाचा सामना आहे. फलंदाजांची तक्रार आली नाही तर चादरी राहतील. आली तर भिंत.

सेक्रेटरींनी हे काकूंना स्वतः येऊन सांगितलं. फार वाईट वाटतंय अशा आवाजात सांगितलं.

भिंत म्हणजे काय, हे काकूंना कुणी समजावायची गरज नव्हती. भिंत आली की दुपारनंतर गच्चीवर सावली. सावलीत हॉस्पिटलच्या चादरी वाळत नाहीत, कुबट होतात. मग मशीन घ्या, नाहीतर बंद करा. आबांनी मागून घेतलेलं ऊन त्यांच्या सुनेच्या हातून जाणार होतं.

"तक्रार येऊन तर बघू दे," काकू म्हणाल्या आणि बाह्या सरसावून पिंपांकडे गेल्या.

असं धुणं त्या गल्लीने पाहिलं नव्हतं. हॉस्पिटलच्या कोऱ्या चादरी काढल्या. त्या उकळल्या. नीळ घातली. पावडर घातली. निथळल्या, बघितल्या, समाधान झालं नाही म्हणून पुन्हा पावडर घातली. काका म्हणाले, "अगं, अति तिथे माती."

"माती काढायचंच तर काम आहे आपलं," काकू म्हणाल्या.

सरावाच्या सामन्याच्या दिवशी चादरी दोऱ्यांवर चढल्या. खाली काठ्या, वर चिमटे, एक सुरकुती नाही. सकाळी ऊन पाठीमागून होतं. सगळं सुरळीत चाललं. काकू गच्चीच्या कोपऱ्यात खुर्ची टाकून बसल्या. जन्मात पहिल्यांदा त्यांनी क्रिकेट लक्ष देऊन पाहिलं. कोण काय करतंय ते कळत नव्हतं, पण ते आपल्या चादरींसमोर करतंय, एवढं पुरेसं होतं.

जेवणाच्या सुट्टीनंतर ऊन फिरलं आणि चादरींवर थेट आलं.

फलंदाजाने हात वर केला. गोलंदाज धावता धावता थांबला. फलंदाजाने डोळे चोळले, टोपी पुढे ओढली, पुन्हा उभा राहिला, पुन्हा हात वर केला. पंच त्याच्याजवळ गेले. त्यांनी गच्चीकडे पाहिलं आणि त्यांचाही हात डोळ्यांवर गेला. मग दोन्ही पंच, दोन्ही फलंदाज आणि यष्टिरक्षक कपाळावर आडवे हात धरून उभे राहिले. काकूंना क्षणभर वाटलं, सलाम करताहेत.

थोड्याच वेळात सामनाधिकारी जिना चढून गच्चीवर आले. मागे सेक्रेटरी. सामनाधिकाऱ्यांच्या डोळ्यांवर काळा चष्मा होता. त्यांनी तो काढला, चादरींकडे पाहिलं आणि लगेच पुन्हा लावला. ते त्यांच्या भाषेत बरंच बोलले. सेक्रेटरींनी भाषांतर केलं.

"साहेब म्हणतात, इतकं स्वच्छ धुणं त्यांनी आयुष्यात पाहिलं नाही."

काकूंना कृतकृत्य वाटलं.

"आणि म्हणतात, हे काढा."

पण साहेब सेक्रेटरींना वाटले तेवढे वाईट निघाले नाहीत. काकूंच्या चेहऱ्याकडे पाहून ते थांबले. उद्या दुपारी याच वेळी नेटमधले फलंदाज मधल्या खेळपट्टीवर आणतो म्हणाले. तोवर काही जमलं तर बघा. नाही जमलं तर पुढच्या सामन्यापासून भिंत, या सामन्यापुरतं कापड ताणू.

ते गेल्यावर काका म्हणाले, "मी म्हटलं होतं..."

"आज आपला चहा आपण करा," काकू म्हणाल्या.

चहावरूनच त्यांना युक्ती सुचली. पांढरा उतरवायचा म्हणजे चहात बुडवायचं. हॉटेलातले डाग काढून काढून त्यांना चहाची ताकद माहीत होती. मोठं पिंप भरून चहा उकळला. एक चादर बुडवून वाळत टाकली. पावडर आणि चहा यांचं जमलं नाही. कुठे चहा बसला, कुठे निसटला. तपकिरी बेटं आणि पांढरे समुद्र तयार झाले. रोलरदादा गडबड ऐकून वर आला होता. त्याने चादरीकडे बराच वेळ पाहिलं.

"काकू, फलंदाजाला चेंडू दिसायचा नाही. पण जगाचा नकाशा पाठ होईल."

काकूंनी ती चादर उतरवली. नुसत्या साबणाने दुसरी धुऊन पाहिली. पावडर निघायचं नाव घेईना. तिची जाहिरातच तशी होती. घरात दुसऱ्या चादरी नव्हत्या. जे काही होतं, ते काकूंच्या हाताखालून गेलेलं होतं. सगळं लखलखीत.

रोलरदादाने तोवर मनातल्या मनात रोलर फिरवून विचार सपाट केला होता. "आबांच्या वेळी कधी कुणी डोळ्यांवर हात धरला नाही," तो म्हणाला.

काका हातातल्या कपाकडे बघत राहिले. मग त्यांना एकदम हसू फुटलं. त्यांनी ते आवरलं, पण पुरतं नाही.

"म्हणजे," काका म्हणाले, "आबा धुवायचे बेताचं. म्हणून मैदान जगात गाजलं?"

काकू पालथ्या बादलीवर बसल्या. हसावं की रडावं, कळेना. इतकी वर्षं त्या ज्या पांढऱ्याची लाज बाळगत होत्या, त्यानेच चेंडूला कलिंगडाएवढं केलं होतं. धावांचे डोंगर त्या थकलेल्या मामाच्या अंगावर उभे होते. आणि तो पांढरा आता सगळ्या जगात एकाच ठिकाणी शिल्लक होता. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला.

हे तिघांच्याही लक्षात आलं. तिघांपैकी दोघांची बोलायची हिंमत झाली नाही.

"बघू नका माझ्याकडे असं," काकू म्हणाल्या. "जाते."

दिवस मावळत होता. गल्ली ती काय, एका हाकेची. पण काकूंना ती त्या दिवशी फार लांब वाटली. वाटेत दोघींनी विचारलं, इकडे कुठे. काकूंनी ऐकू न आल्यासारखं केलं.

दिराच्या लाँड्रीत मशीन घरघरत होतं. जाऊबाई घड्या घालत होत्या. त्यांनी काकूंना दारात पाहिलं आणि हातातली घडी तशीच धरून ठेवली. दीर आतून आला. तोही त्याच घरातला.

"या वहिनी," तो म्हणाला. "काय मळवायला आणलंत?"

काकूंनी ते गिळलं. आपलंच वाक्य होतं, चवीला ओळखीचं लागलं.

"भावजी, चादरी हव्यात."

"कुणाच्या?"

"तुमच्या. पांढऱ्या. मैदानासाठी."

"माझ्या चादरी पांढऱ्या कधीपासून झाल्या?"

जाऊबाईंनी हात लांब करून मशीन बंद केलं. असलं बोलणं घरघरीत वाया जावं, हे त्यांना पटलं नाही.

काकूंनी मग सगळं सांगितलं. साहेब, चष्मा, चहा, भिंत. भिंतीचं ऐकताना दिराच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. आबांचा सौदा त्यालाही पाठ होता. गच्चीवरची ती दोरी बांधताना तो आबांच्या पाठीशी शिडी धरून उभा होता. पण सुंभ जळतो, पीळ जळत नाही.

"देतो," तो म्हणाला. "हव्या तेवढ्या देतो. फक्त एक सांगा. आबांचा पांढरा बरोबर होता की नव्हता?"

हे एक वाक्य बोललं की गच्चीवरचं ऊन राहत होतं. नाही बोललं की जात होतं. आणि खोटं बोलणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. डागाला त्या कधी सावली म्हणाल्या नव्हत्या. त्यांनी दिराच्या रचलेल्या चादरींवर हात ठेवला. निरखून पाहिलं. डाग नव्हता. वास चांगला होता. रंग मात्र तोच.

"मैदानासाठी बरोबर होता," त्या म्हणाल्या. "झोपायला नव्हता."

आधी जाऊबाई हसल्या. "घ्या," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "निम्मा सामना तर जिंकलात. उरलेला अनिर्णित सोडा आता."

दिराने निम्म्यावर समाधान मानायला थोडा वेळ घेतला. मग म्हणाला, "पण दोरीवर मी घालणार. तुमचा भरवसा नाही. मधेच नीळ शिंपडाल."

दुसऱ्या दिवशी सकाळी दीर गाठोडं खांद्यावर घेऊन जिना चढला. आबा गेल्यानंतर या गच्चीवर त्याचं पाऊल पडलं नव्हतं. तो दोरीपाशी गेला, ती बोटाने दाबून पाहिली. बांबूच्या काठ्या कुठे आहेत, हे त्याने विचारलं नाही. कठड्याला लागून त्या नेहमी असायच्या तिथेच होत्या. एक काठी उचलून त्याने ती शर्टाला पुसली. काकू त्या वेळी मुद्दाम चिमटे मोजत होत्या. काकांनी खाली इस्त्रीच्या कपड्यांवर उगाच पाणी शिंपडलं.

दुपारी ऊन फिरलं. फलंदाज उभा राहिला. गोलंदाज धावला, हात वर गेला, चेंडू पडला, फलंदाजाने तो खेळला. पुन्हा तसंच. पुन्हा तसंच. काहीच घडलं नाही. इतकं सुरेख काही न घडणं काकूंनी कधी अनुभवलं नव्हतं. सामनाधिकाऱ्यांनी काळा चष्मा काढून खिशात टाकला आणि खालूनच अंगठा वर केला. सेक्रेटरींनी भिंतीचा नकाशा गुंडाळला. तोंडावरून मात्र त्यांना आनंद झाल्यासारखं वाटत होतं. ते त्यांना छान जमतं.

सामना सुरू झाला. मैदान तुडुंब. समालोचक पुन्हा लाँड्री एंड, लाँड्री एंड करू लागले. कॅमेरा दर थोड्या वेळाने गच्चीवर यायचा आणि चादरी जवळून दाखवायचा. तो जवळ आला की काकू मान खाली घालायच्या. सगळं जग ते धुणं बघत होतं. पहिल्याच दिवशी हॉस्पिटलच्या मेट्रनचा फोन आला. टीव्हीवर दिसतंय ते तुमचंच का, तिने काळजीने विचारलं. तब्येत बरी आहे ना, हेही विचारलं.

काकूंनी एकदा दिराकडे पाहिलं. तो कान देऊन ऐकत होता. बोट दाखवून मोकळं व्हायला याहून चांगली संधी मिळाली नसती.

"आमचंच आहे," काकू फोनवर म्हणाल्या. "मैदानाच्या धुण्याची रीत वेगळी असते. घराण्यातली आहे." आणि फोन ठेवून त्या दिराला म्हणाल्या, "चहा घेणार?"

इतक्या वर्षांत दोघांनी मिळून घेतलेला हा पहिला चहा. तो नीट झाला. दुसऱ्या दिवशी जाऊबाईही आल्या. काका इस्त्री बंद करून वर आले. गच्चीवर चौघांच्या खुर्च्या लागल्या. खाली धावांवर धावा होत होत्या. सामनाधिकारी सामन्यानंतर काय अहवाल देणार आहेत, ते रोलरदादा खालून ओरडून सांगून गेला. चादरी राहणार. मात्र याच, आणि अशाच धुतलेल्या. म्हणजे दर कसोटीला दिराला जिना चढणं आलं. दोघांनीही हे ऐकून कपाळाला हात लावला, पण कुणी नाही म्हटलं नाही.

तिसऱ्या दिवशी काकूंना टोकाच्या चादरीवर एक डाग दिसला. खालच्या कोपऱ्यात, मोहरीएवढा. कावळ्याचं काम असावं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, बोट ओलं केलं आणि वाकून तो पुसायला लागल्या.

"वहिनी, हात लावू नका," मागून दीर म्हणाला.

काकू सरळ झाल्या. डाग आहे म्हणाल्या. दीर म्हणाला, नाही, ती धाग्याची गाठ आहे. काकूंनी त्याला डाग कशाला म्हणतात ते हातवारे करून समजावलं. त्याने गाठ कशाला म्हणतात ते त्याहून मोठे हातवारे करून सांगितलं. दोघं त्या चादरीसमोर उभे राहून, एकमेकांच्या नाकापुढे बोटं नाचवत, जोरात भांडू लागले. किती वर्षांचं साठलेलं होतं. दोघांनाही फार बरं वाटत होतं.

बऱ्याच वेळाने काकूंना जाणवलं, की मैदान शांत झालं आहे.

त्यांनी वळून पाहिलं. फलंदाजाने हात वर केलेला होता. गोलंदाज कमरेवर हात ठेवून उभा. पंच गच्चीकडे तोंड करून दोन्ही हात खाली दाबत होते, बसा, बसा. तिन्ही गॅलऱ्यांतली सगळी माणसं त्यांच्याकडे बघत होती. जाऊबाईंनी तोंडावर हात धरला होता. काकांनी खुर्ची शांतपणे थोडी लांब सरकवली.

दीर आणि काकू एकदमच खाली बसले. कठड्याच्या मागे, मांडी घालून, कुणाला दिसणार नाही असे. वर चादरी ताठ उभ्या राहिल्या. खाली गोलंदाज पुन्हा धावू लागला. चेंडू पडला, बॅट वाजली, टाळ्यांचा कडकडाट झाला.

"डाग होता," काकू कुजबुजल्या.

"गाठ," दीर कुजबुजला.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत दोघं तिथेच बसून होते. खेळ पुन्हा थांबला नाही, आणि त्यांचं भांडणही.